खवल्याखालचा रंग

भाऊच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव सुरू होतो तेव्हा पुरते उजाडलेलेही नसते. तरी निम्मा सौदा रंगावरच ठरलेला असतो. बांगड्याच्या पाठीवरची निळी-हिरवी झळाळी, पापलेटाची चांदी, तांबोशीचा लाल. घेणारी बाई कल्ला उचलून बघते ती नंतर, तिची नजर त्याआधीच माशाच्या अंगावरून फिरून आलेली असते. ताज्या माशाचा रंग कसा असतो हे आपल्या किनाऱ्यावर लहान पोरालाही कळते. तो रंग येतो कुठून आणि त्याच्यावर हुकूम कोणाचा चालतो, हे मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हळूहळू उलगडत गेले. त्या उलगड्यात जे हाती लागले ते माशांपुरते राहिले नाही. आपल्या कातडीचा रंग, आपली भूक, आपला कर्करोग, सगळ्यांची गाठ त्यात सापडली.

पापलेटापासून सुरुवात करू. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमाशाचा मान दिला. त्याच्या अंगावर जी चांदी दिसते ती रंगद्रव्याची नव्हे. चंदेरी माशांच्या त्वचेत काही पेशी अशा असतात, की त्यांच्यात ग्वानीन नावाच्या पदार्थाचे पातळ, सपाट स्फटिक थरावर थर रचलेले असतात. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो आणि सगळे थर मिळून आरसा होतो. ग्वानीन हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. जो पदार्थ वंशाची ओळख लिहायला लागतो, तोच मासा कातडीत साठवून चमकतो. निसर्गाच्या काटकसरीचे याहून देखणे उदाहरण मला ठाऊक नाही.

तांबोशीसारख्या लाल माशांचा लाल मात्र उसना असतो. तो कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांचा, आणि ही द्रव्ये मासा स्वतः बनवू शकत नाही. ती बनवते शेवाळ. शेवाळ खाणाऱ्या बारीक जिवांतून, जवळ्यातून, कोळंबीतून ती माशाच्या अंगात येतात. जपानमध्ये लाल ब्रीम मासा समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवतात. खोल पाण्यातला हा मासा उथळ पिंजऱ्यात ठेवला, की उन्हाने काळवंडतो आणि साध्या खाद्यावर त्याचा लाल रंगही उतरतो. म्हणून तिथले मत्स्यपालक खाद्यात कॅरोटिनॉइड मिसळतात आणि पिंजऱ्यांवर काळे आच्छादन घालतात. लाल रंग पोटातून आलेला, काळा रंग उन्हाने जागा केलेला. हा काळा, म्हणजे मेलॅनिन, मासा आपल्याआपण तयार करतो. बांगड्याच्या पाठीवरचा गडदपणा त्याचाच.

म्हणजे एकाच टोपलीतल्या तीन माशांवर तीन वेगळ्या वाटांनी रंग चढलेला असतो. प्रत्येकासाठी पेशी वेगळी: काळ्याची, पिवळ्याची, लालची, चमकणारी, आणि काही माशांत पांढरी. निळी पेशी फारच विरळा. आपण ज्याला निळा मासा म्हणतो, त्याचा निळा बहुधा चमकणाऱ्या स्फटिकांचा खेळ असतो. निळे द्रव्य असलेली खरीखुरी निळी पेशी प्रशांत महासागरातल्या मँडरिन माशात सापडली आणि १९९५ मध्ये दोन जपानी संशोधकांनी तिचे वर्णन केले. या साऱ्या रंगपेशींचे मूळ एकच. भ्रूणाच्या पाठीवर मज्जारज्जूची नळी जिथे मिटते, तिथल्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर प्रवास करत जातात. त्यांतल्या काहींच्या चेतापेशी होतात, काहींची चेहऱ्याची हाडे, काहींच्या रंगपेशी. ही कड लक्षात ठेवावी; लेखाच्या शेवटाकडे तिच्याशी पुन्हा काम आहे.

माणसाकडे या कुटुंबातली एकच रंगपेशी उरली, मेलॅनिनची. तीही आपला रंग जवळ ठेवत नाही. आजूबाजूच्या त्वचेच्या पेशींना आणि केसांना वाटून टाकते. मासा रंग पेशीतच ठेवतो. फरक एवढासाच, पण माशाला पाहता पाहता रंग बदलता येतो आणि आपल्याला उन्हात दिवसचे दिवस काढावे लागतात, ते यामुळे. माशाच्या काळ्या पेशीला चहूबाजूंनी फाटे फुटलेले असतात. मेलॅनिनचे कण मध्यभागी गोळा झाले, की मासा फिका दिसतो. तेच कण फाट्यांच्या टोकापर्यंत पसरले, की गडद होतो. चिमूटभर रांगोळी अंगणाच्या मधोमध ढीग करून ठेवली तर अंगण रिकामे वाटते आणि तीच हाताने पसरली तर भरलेले, तसे हे आहे. रंग तेवढाच, जागा बदलली. हे कण पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांवरून ये-जा करतात. काही प्रथिने त्यांना ओढून आत आणतात, काही बाहेर नेतात.

या कणांना इशारा कोण देते? १९११ च्या सुमारास म्युनिकमध्ये एक तरुण प्राणिशास्त्रज्ञ नदीतल्या मिनो नावाच्या छोट्या माशांवर हा प्रश्न घेऊन बसला होता. त्याचे नाव कार्ल फॉन फ्रिश. पुढे मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावून १९७३ मध्ये नोबेल मिळवणारा तोच हा. त्याने दाखवले, की माशाला फिके करणारा हुकूम मेंदूतून चेतातंतूंच्या वाटेने येतो. तंतू तोडला, की त्यापुढचा भाग गडद होतो. आणखी एक विलक्षण गोष्ट त्याने टिपली. आंधळ्या केलेल्या मिनोच्या कपाळावर उजेड पडला, तरी त्याचा रंग बदलत होता. डोळ्यांखेरीज मेंदूच्या आतही प्रकाश जाणवणारे काहीतरी आहे, असा त्याचा अर्थ होता, आणि तो पुढे खरा ठरला.

चेतातंतूंचा हुकूम लगेच अमलात येतो. पण काळ्या तळावर आठवडाभर ठेवलेला मासा आणि पांढऱ्या तळावर आठवडाभर ठेवलेला मासा यांच्यात जो फरक पडतो, तो तंतूंच्या एकट्याच्या जोरावर टिकत नाही. तिथे रक्तातून फिरणारी संप्रेरके येतात. गडद करणारे संप्रेरक आधी कळले. ते मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून येते. फिके करणारेही एखादे असावे, असा अंदाज १९३० च्या दशकापासून होता. १९५५ मध्ये एनामी या जपानी संशोधकाने मार्जारमाशाच्या मेंदूच्या अर्कात त्याची चाहूल दाखवली. हाती मात्र ते आले १९८३ मध्ये. हिरोशी कावाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चम सॅल्मन माशांच्या पीयूष ग्रंथी गोळा करून, त्यांतून ते वेगळे काढले. अवघ्या सतरा अमिनो आम्लांची साखळी. मेलॅनिन एकवटणारे संप्रेरक असे त्याचे नाव पडले. इंग्रजी आद्याक्षरांनी एमसीएच.

मग शोधले तर ते उंदरातही सापडले, माणसातही. उंदराच्या कातडीत एकवटायला असे कण नाहीत, मग त्याचे तिथे काम काय? १९९६ मध्ये उत्तर मिळाले: भूक. उंदराच्या मेंदूत ते सोडले, की उंदीर जास्त खातो. माशाला पांढऱ्या तळाशी जुळवणारा रेणू आपल्या डोक्यात बसून जेवणाच्या वेळा सांभाळतो आहे. कोणी म्हणेल, हा योगायोग. मला तो योगायोग वाटत नाही, कारण माशातही रंग आणि भूक यांची गाठ दिसते. जपानमध्येच बारफिन फ्लाउंडर नावाचा चपटा मासा, आपल्या लेप्याच्या लांबच्या नात्यातला, पांढऱ्या टाकीत वाढवून पाहिला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या टाकीतल्या माशांच्या खालच्या बाजूला नको असलेले काळे डाग कमी पडले आणि त्यांची वाढही जोमाने झाली. टाकीच्या रंगाने माशाचे वजन बदलते, ही मत्स्यशेती करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी गोष्ट आहे.

*

आता जनुकांकडे वळू. त्यासाठी गंगेच्या खोऱ्यात जावे लागेल.

ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर १८२२ मध्ये एक ग्रंथ छापला. त्यात बोटाच्या पेराएवढ्या एका पट्टेरी माशाचे वर्णन होते. भातखाचरांत, ओढ्यांत, संथ पाण्यात राहणारा हा मासा खायच्या उपयोगाचा नाही. तो पुढे काचेच्या टाक्यांतून जगभर पोचला आणि झेब्राफिश म्हणून घरोघरी गेला. ऑरेगन विद्यापीठातले जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी १९७० च्या दशकात आनुवंशिकीसाठी तोच निवडला. बुडापेस्टमध्ये जन्मलेला, नाझींच्या छायेतून कुटुंबासह अमेरिकेत आलेला हा माणूस विषाणूंवर काम करायचा. त्याला पाठीचा कणा असलेला, भराभर वाढणारा, पारदर्शक अंडी घालणारा प्राणी हवा होता. १९८१ मध्ये त्याने आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात खूण म्हणून वापरलेली एक जात होती 'गोल्डन'. तिचे पट्टे काळे नसून फिके सोनेरी.

ही सोनेरी मासळी पेनसिल्व्हेनियात किथ चेंग यांच्याकडे गेली. चेंग कर्करोगाचे संशोधक. सोनेरी माशात नेमके कोणते जनुक बिघडले आहे हे त्यांच्या गटाने शोधून काढले, आणि डिसेंबर २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला; पहिले नाव रिबेका लॅमसन यांचे. जनुकाचे नाव एसएलसी२४ए५. मेलॅनिन जिथे तयार होते त्या इवल्या पिशवीत कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांची अदलाबदल करणारे प्रथिन ते घडवते. सोनेरी माशात हे प्रथिन अर्धवट राहते; पिशव्या कमी, लहान आणि फिक्या होतात. संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. माणसाच्या याच जनुकाचा आरएनए सोनेरी माशाच्या भ्रूणात सोडला, आणि भ्रूणात काळा रंग परतला. माशाची उणीव माणसाने भरून काढली.

आता माणसात हे जनुक कसे आहे ते त्यांनी पाहिले. युरोपीय लोकांत त्यात एका अक्षराचा बदल आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येकात आहे. त्यामुळे प्रथिनाच्या १११व्या जागेवर एक अमिनो आम्ल बदलते. आफ्रिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या बहुतेक लोकांत जुने अक्षर तसेच आहे. युरोपीय आणि आफ्रिकी वंशाच्या कातडीतल्या मेलॅनिनमध्ये जो फरक आहे, त्याचा सुमारे २५ ते ३८ टक्के वाटा या एका अक्षराचा, असा त्यांचा हिशोब निघाला. चिनी, जपानी लोक उजळ असूनही त्यांच्यात हे अक्षर नाही, म्हणजे त्यांच्याकडे उजळपणा दुसऱ्या वाटेने आला.

मग भारत? हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातले कुमारसामी थंगराज यांनी एस्टोनिया आणि केंब्रिजच्या संशोधकांबरोबर हा प्रश्न घेतला. त्यांचा निबंध २०१३ मध्ये आला. उजळ करणारे हे अक्षर भारतभर पसरलेले आहे, कुठे पुष्कळ, कुठे थोडे. भारतीयांचे आणि युरोपीयांचे अक्षर एकाच पूर्वजाकडून आलेले आहे. त्याचे वय त्यांनी सुमारे २२ ते २८ हजार वर्षे धरले. आपल्याकडच्या लोकांच्या रंगातल्या फरकाचा काही भाग या एका जनुकामुळे पडतो. बाकीचा फरक इतर जनुकांचा, उन्हाचा, कष्टाचा.

इथे थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे. आपल्या वधू-वर जाहिरातींतून 'गोरी' हा शब्द अजून गेलेला नाही. सावळ्या मुलीला आई हळद-बेसन लावत बसते, नात्यातल्या बायका तिच्यासमोर तिच्या रंगाचा विषय काढतात, आणि ती मुलगी ते आयुष्यभर विसरत नाही. ज्या गोष्टीवरून हे सगळे चालते, ती एका प्रथिनातल्या एका जागेची अदलाबदल आहे. माशात ते प्रथिन अर्धवट राहिले, की आपण त्याला सदोष वाण म्हणून वहीत नोंदतो. या अक्षरात कुळ नाही, शील नाही, बुद्धी नाही. गंगेच्या खोऱ्यातल्या माशाने हे इतके स्वच्छ दाखवून दिल्यावरही ती जाहिरात छापली जाते याचा मला संताप येतो.

माशांमुळे सापडलेले हे एकच जनुक नव्हे. मेदाका हा जपानी भातशेतीतला मासा. त्याच्या रंगाचे जनुक २००१ मध्ये सापडले आणि तेही माणसाच्या रंगात भागीदार निघाले. मेक्सिकोतल्या गुहांत राहणारे आंधळे, पांढुरके मासे ज्या ओसीए२ जनुकाच्या बिघाडाने पांढरे झाले, त्याच्याच बिघाडाने माणसात वर्णहीनतेचा एक प्रकार होतो. दोन वेगळ्या गुहांत एकच जनुक दोन वेगळ्या जागी तुटलेले निघाले. अंधारात रंगाचा पहारा नसतो. जिथे तुटले तिथे तुटून गेले.

*

रंगद्रव्य बनणे ही एक गोष्ट, ते अंगावर कुठे बसावे ही दुसरी. मला स्वतःला ही दुसरी जास्त ओढून घेते.

सर्वांत साधी आखणी म्हणजे पाठ गडद, पोट फिके. बांगडा हातात घेतला की ती दिसते. वरून बघणाऱ्या पक्ष्याला पाठ खोल पाण्यात मिसळून जाते, खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला पोट आकाशात. उंदराच्या केसांचा रंग ठरवणारे अगूटी नावाचे जनुक आहे. स्पेनमधल्या व्हिगोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की माशातही तेच जनुक पोटाकडे जागे असते आणि तिथे काळ्या पेशींना आवर घालते. गडद करणाऱ्या संप्रेरकाचा निरोप ज्या दारातून पेशीत शिरतो, ते दार ते अडवते. २०१९ मध्ये त्यांनी झेब्राफिशमधून हे जनुक काढून टाकले, तेव्हा पोटही पाठीसारखे गडद झाले. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया, मलावी आणि टांगानिका सरोवरांत सिक्लिड माशांच्या शेकडो जाती आहेत. त्यांच्यातल्या आडव्या पट्ट्यांचा स्विच याच कुटुंबातल्या एका जनुकात आहे, हे जर्मनीतल्या कॉन्स्टान्झच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. पट्टे एकदा आले आणि टिकले असे नाही. ते आले, गेले, पुन्हा आले, वेगवेगळ्या सरोवरांत वेगवेगळ्या वेळी.

पण झेब्राफिशच्या पट्ट्यांचे कोडे याने सुटत नाही. निळा, पिवळा, निळा, पिवळा, एकसारख्या रुंदीचे, कोणी आखून दिल्यासारखे. आखणारा कोण?

१९५२ मध्ये गणिती ॲलन ट्युरिंग यांनी एक निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संकेतलिपी फोडणारे, संगणकाचा पाया घालणारे हेच ट्युरिंग. त्यांचे म्हणणे असे: दोन रसायने एकमेकांवर क्रिया करत पसरत असतील, एक जवळच्या जवळ स्वतःला वाढवत असेल आणि दुसरे दूरवर त्याला दाबत असेल, तर बाहेरून कोणी आखणी न करताही सपाट पृष्ठभागावर ठिपके किंवा पट्टे आपोआप उमटतील. गणित चोख होते, पण जीवशास्त्रज्ञांना त्याला प्रत्यक्षातला आधार सापडत नव्हता. दोन वर्षांनी ट्युरिंग गेले. त्यांच्या या निबंधाकडे बराच काळ फारसे कोणी वळले नाही.

१९९५ मध्ये क्योटोच्या शिगेरु कोंदो यांनी एंजलफिशचे फोटो छापले. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांत राहणारा हा मोठा, देखणा मासा. प्रौढपणी त्याच्या अंगावर पिवळ्या रेघा असतात. झेब्रा मोठा होतो तसे त्याचे पट्टे ताणले जातात. हा मासा मोठा होताना मात्र पट्टे रुंद होत नव्हते, त्यांची संख्या वाढत होती. जिथे एका रेघेचे दोन फाटे व्हायचे, तो जोड महिनोन्‌महिने हळूहळू सरकत पुढे जायचा आणि त्यामागे एकाच्या दोन रेघा होत. संगणकावर ट्युरिंगच्या समीकरणातून हीच हालचाल आधीच निघाली होती. पट्टे अंगावर छापलेले नसून अखंड घडत राहतात, हे कोंदो यांनी जिवंत माशावर दाखवले.

त्या सुमाराला जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड झेब्राफिशच्या हजारो पिलांत बिघाड शोधत होत्या. फळमाशीवरच्या कामासाठी त्यांना १९९५ मध्ये नोबेल मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या आणि बोस्टनच्या गटाने सापडलेल्या माशांच्या वाणांची मोठी यादी प्रसिद्ध केली. झेब्राफिशच्या रंगाचे वाण वाचायला बसले, की उठवत नाही. 'लेपर्ड' माशावर पट्ट्यांऐवजी ठिपके. २००६ मध्ये कळले, की त्याच्यात पेशी-पेशींमधली बारीक दारे बिघडली आहेत. 'जॅग्वार'चे पट्टे रुंद आणि विस्कटलेले, कारण पोटॅशियमचा मार्ग बिघडला आहे. 'नेकर'मध्ये काळ्या पेशीच नाहीत. 'पँथर'मध्ये पिवळ्या नाहीत, आणि त्या नाहीत म्हणून काळेही तुटक तुटक होतात. यावरून एक गोष्ट उघड झाली. पट्टा एका पेशीचा नसतो. पिवळी पेशी नसेल तर काळीला कुठे थांबावे कळत नाही.

कोंदो यांच्या प्रयोगशाळेने या दोघींना बशीत समोरासमोर ठेवून पाहिले. पिवळी पेशी बोट लांबवून काळीला शिवते. शिवताच काळीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो आणि ती मागे सरते. पिवळी तिचा पाठलाग करते. जवळ हे असे. दूर अंतरावर मात्र पिवळ्या पेशीच काळ्यांना जगायला मदत करतात. जवळ हुसकावणे, दूर सांभाळणे: ट्युरिंगचे गणित हेच होते. फक्त त्यांनी कल्पिलेली पसरणारी रसायने इथे नाहीत. पेशी स्वतः हातपाय लांबवून ते करतात. ट्युबिंगेनमध्ये अजित प्रताप सिंह आणि प्रतीक महलवार या भारतीय संशोधकांच्या २०१४ मधल्या कामाने यात तिसऱ्या पेशीला तिची जागा मिळाली. चमकणाऱ्या पेशी आधी येतात, पसरतात आणि पट्ट्यांची पूर्वरेषा घालतात. बाकीच्या तिच्यामागून आपापली जागा घेतात. 'चोकर' नावाच्या वाणात पाठ आणि पोट यांच्या मधली स्नायूंची आडवी रेघच नसते. तिथे चमकणाऱ्या पेशींना सुरुवात कुठून करायची कळत नाही आणि अंगभर भूलभुलैया उमटतो. रुंदी बरोबर, रंग बरोबर, दिशा हरवलेली.

गेली कित्येक वर्षे आपल्याला शिकवले गेले, की अमक्या गोष्टीचे जनुक असते, तमक्याचे जनुक असते. पट्ट्याचे जनुक नाही. दाराचे आहे, पोटॅशियमच्या मार्गाचे आहे, पेशीला जगवणाऱ्या संदेशाचे आहे. पट्टा या सगळ्यांच्या व्यवहारातून उभा राहतो, आणि तो व्यवहार किती वेगाने चालावा हे पुन्हा संप्रेरके ठरवतात.

क्लाउनफिशमध्ये हे सर्वांत छान दिसते. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे, समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांत राहणारा मासा. ॲनिमेशन चित्रपटामुळे आता आपल्या मुलांच्या ओळखीचा. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात संशोधकांना दिसले, की एका जातीच्या समुद्रफुलात राहणाऱ्या पिलांना पांढरे पट्टे लवकर येतात आणि दुसऱ्या जातीच्या फुलात राहणाऱ्यांना उशिरा. मासे एकाच जातीचे. २०२१ मध्ये व्हँसाँ लोदे आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या पिलांना पट्टे लवकर येतात त्यांच्या अंगात थायरॉइड संप्रेरक जास्त असते, आणि ते बनवण्यात भाग घेणारे एक जनुकही तिथे जास्त जागे असते. प्रयोगशाळेत हे संप्रेरक दिले, की पट्टे लवकर उमटले. अडवले, की लांबले. घर बदलले तसे संप्रेरक बदलले, आणि संप्रेरकाने पट्ट्याची वेळ बदलली. झेब्राफिशमध्ये थायरॉइड ग्रंथी नष्ट केली, तर काळ्या पेशी जवळजवळ दुप्पट होतात आणि पिवळ्या दिसेनाशा होतात, हे २०१४ मध्येच कळले होते.

*

महाराष्ट्रात डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत, हौदांत, साठलेल्या पाण्यात जे गप्पी मासे सोडतात, त्यांनी आनुवंशिकीला एक मोठा धडा दिलेला आहे. नर रंगीबेरंगी, मादी राखाडी. कोपनहेगनमध्ये योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये आणि त्यांच्यामागून ओविंड विंगे यांनी दाखवले, की नराच्या अंगावरचे कित्येक ठिपके वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे जातात. मात्र काही रंगांची जनुके मादीकडेही असतात. ती तिच्या अंगावर दिसत नाहीत इतकेच. नर संप्रेरक दिले, की तिच्या अंगावरही रंग चढतो. जनुक होते, संप्रेरक नव्हते म्हणून ते गप्प होते.

त्रिनिदादच्या ओढ्यांत गप्पींचे मूळ घर. तिथे जॉन एंडलर यांनी १९७० च्या दशकात पाहिले, की जिथे मोठे शिकारी मासे असतात तिथले नर फिके असतात आणि जिथे नसतात तिथले भडक. त्यांनी शिकाऱ्यांच्या ओढ्यातले गप्पी उचलून, गप्पी आणि मोठे शिकारी दोन्ही नसलेल्या ओढ्यात सोडले. दोनच वर्षांनी त्यांचे वंशज जास्त रंगीत झाले होते. मादीची पसंती रंगाला पुढे ढकलते, शिकाऱ्याचा जबडा मागे खेचतो.

संप्रेरकाने रंग चढतो हे शोभिवंत माशांच्या धंद्यालाही ठाऊक आहे. कुर्ल्याच्या बाजारात काचेच्या टाक्यांसमोर उभे राहिले, की रंग डोळ्यांत मावत नाही. त्यात निवडून पैदास केलेला रंग असतो, चांगल्या खाद्याचा असतो, आणि जगभरच्या या व्यापारात कधी टेस्टोस्टेरॉन पाजून आणलेलाही असतो. असा मासा घरी आणल्यावर काही आठवड्यांत उतरतो आणि बऱ्याचदा पुढे पिलेही देत नाही. सुईने रंग टोचलेले मासेही विकले जातात. हे थेट क्रौर्य आहे आणि ते विकत घेऊ नये. आपल्याच सह्याद्रीतला, केरळकडच्या नद्यांतला लाल-काळ्या रेघेचा डेनिसन मासा याच हौसेपायी नद्यांतून इतका उपसला गेला, की तो आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २०१३ मध्ये त्याचा वेगळा वंश ठरवणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. त्या वंशाचे नावच 'सह्याद्रिया'.

याच टाक्यांत प्लॅटी आणि सोर्डटेल हे मासे असतात. दोन्ही मेक्सिकोकडचे, दोन्ही एकाच कुळातले, आणि त्यांचा संकर होतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग यांनी वेगवेगळे राहून एकच गोष्ट पाहिली. काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा सोर्डटेलशी संकर केला, की पिलांवरचे ठिपके मोठे होतात. ती पिले पुन्हा सोर्डटेलशी जुळवली, की काहींच्या अंगावर ठिपक्याची गाठ होते, आणि ती त्वचेचा कर्करोग असते. कर्करोग वारशाने येऊ शकतो याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा. प्लॅटीच्या अंगात ठिपक्याजवळ एक घातक जनुक होते आणि दुसऱ्या गुणसूत्रावर त्याला आवर घालणारे दुसरे. संकरात आवर घालणारे हरवले. ते घातक जनुक १९८९ मध्ये योआखिम विटब्रोट, मानफ्रेड शार्टल आणि सहकाऱ्यांनी वेगळे काढले. पेशीला वाढण्याचा संदेश घेणाऱ्या एका नेहमीच्या जनुकाची ती चळलेली प्रत निघाली.

झेब्राफिशही या कामाला लागला. माणसातल्या मेलॅनोमाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बीआरएएफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो. बोस्टनमध्ये लिओनार्ड झोन यांच्या गटाने २००५ मध्ये तो बदल माशात घातला. माशांवर तीळ उठले, आणि पेशीची राखण करणारे पी५३ जनुकही बिघडलेले असेल तिथे मेलॅनोमा झाला. नंतर २००८ मध्ये काळ्या आणि चमकणाऱ्या दोन्ही पेशी नसलेला मासा तयार झाला. त्याला 'कॅस्पर' म्हणतात. तो मोठेपणीही पारदर्शक राहतो आणि त्याच्या अंगात गाठीतली एक पेशी सुटून कुठे जाऊन बसते, ते बाहेरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

यातला सर्वांत धक्कादायक निष्कर्ष २०१६ चा आहे. बीआरएएफचा बदल घातलेल्या माशांच्या त्वचेतल्या सगळ्या रंगपेशींत घातक बदल असतो, तरी बहुतेकींचे काही होत नाही. गाठ एखाद्याच पेशीतून उठते. ती पेशी ओळखायला संशोधकांनी भ्रूणाच्या त्या कडेवर, जिथून सगळ्या रंगपेशी सुटतात, तिथे जागे असणारे एक जनुक प्रकाशमान केले. हे जनुक मोठ्या माशात झोपलेले असायला हवे. त्यांना दिसले, की ज्या एका पेशीत ते पुन्हा उजळते, तिथेच पुढे मेलॅनोमा होतो.